अर्धी सुटी टीआर६ लिलावात आलीय, किती बोली लावू?

पत्र असं आहे:

"दादा, शाळेत असल्यापासून ट्रायम्फ टीआर६, ती जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार, माझ्या डोक्यात आहे. आता एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये १९७१ची एक आलीय. लिहिलंय की रिस्टोरेशन प्रोजेक्ट, जवळपास पूर्ण, मॅचिंग नंबर्स, इंजिन फिरतं, रिझर्व्ह नाही. आधीच्या मालकाने चेसिस रंगवून घेतलीय, बॉडी परत वर ठेवलीय आणि बाकी सगळं सामान खोक्यांमध्ये आहे. फोटो फक्त सहा. लिलावाच्या आदल्या दिवशी गाडी बघायला देणार आहेत. मी अख्खी गाडी कधी बांधलेली नाही पण बाईकचं इंजिन दोनदा खोलून जोडलंय. बायको म्हणते एवढी हौस आहे तर तयार गाडी घे. मी किती पर्यंत बोली लावू?"

मित्रा, तू दादा म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करतोय. किती हा प्रश्न शेवटी घेऊ, कारण तो आकडा आज तुझ्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही, तो बघायच्या दिवशी त्या गाडीखाली आडवा झालास की मिळेल. त्या दिवशी जाता येणार नसेल आणि तुझ्या वतीने जाणारं भरवशाचं माणूसही नसेल तर बोली लावूच नकोस. सहा फोटोंवर प्रोजेक्ट गाडी घ्यायची नसते, आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आधी ती कॅटलॉगमधली ओळ वाचू कारण तिच्यातला प्रत्येक शब्द तोलून लिहिलेला असतो. "इंजिन फिरतं" म्हणजे क्रँकला, इंजिनाच्या मुख्य दांड्याला, पाना लावून फिरवलं तर फिरतं, बस, एवढंच. चालू होतं असं कुणी म्हणालेलं नाहीये. "जवळपास पूर्ण" म्हणजे काहीतरी नाहीये आणि काय नाहीये ते कुणी मोजलेलं नाहीये. "मॅचिंग नंबर्स" म्हणजे इंजिन कारखान्यातून आलं तेच आहे, हा दावा आहे, तो कागदावर दाखवा म्हणून मागायचा. आणि "रिझर्व्ह नाही" म्हणजे अमुक किमतीखाली विकणार नाही अशी अट नाही, हे वाचून तुला आनंद झाला असणार, स्वस्तात सुटेल असं वाटलं असणार, पण त्याचा दुसरा अर्थ असा की विकणाऱ्याला ती काहीही करून आता घालवायचीय. का घालवायचीय ते शोधायचं. कधीकधी कारण अगदी साधं असतं, माणूस म्हातारा झाला, जागा सोडायची आहे, पैसे संपले. आणि कधीकधी कारण त्या रंगवलेल्या चेसिसच्या आत असतं.

चेसिसबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण टीआर६मध्ये सगळा खेळ तिथेच आहे. या गाडीला वेगळी चेसिस असते आणि तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली असते, म्हणून खूप जण म्हणतात की काम सोपं, बॉडी उचल, चेसिस साफ कर, परत ठेव. पण ती चेसिस पत्र्याच्या बंद पेट्यांची बनलेली आहे, पाणी आणि चिखल आत जाऊन बसतो आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून रंग मारला, अगदी पावडर कोटिंग जरी केलं तरी आतलं काहीच बदलत नाही. सगळ्यात वाईट जागा म्हणजे मागच्या चाकांचे ट्रेलिंग आर्म, म्हणजे चाकं धरणारे दांडे, जिथे अडकतात तिथली, ज्याला टीआरवाले टी-शर्ट म्हणतात, आकारच तसा आहे. ती जागा कुजली की मागचं चाकच सरळ राहत नाही, गाडी ब्रेकला एक करते आणि वळणात दुसरं. तिथे खाली झोप, टॉर्च लाव, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हळू ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, आतून खाल्लेला असला की आवाज बसका येतो, आणि ते कळायला अनुभव लागत नाही, आधी पुढच्या भागात दोन ठोके मार, मग मागे मार, फरक तुझा तुलाच ऐकू येईल. पाणी निघायला ठेवलेल्या भोकांतून मोबाईलला जोडायचा तो छोटा कॅमेरा आत घाल, हल्ली सहज मिळतो. आत सुटे पापुद्रे दिसले की समजायचं.

मग डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा. ते चार ठिकाणी टांगलेलं असतं आणि ते माउंट चेसिसला जिथे वेल्ड केलेत तिथे चिरा जातात, त्यातला पुढचा उजवा जास्त वेळा जातो. इंजिनाचा सगळा जोर तिथे येतो ना. ज्याने मन लावून काम केलंय त्याने तिथे जास्तीचा पत्रा लावून मजबुती केलेली दिसेल. कोराच्या कोरा मूळ माउंट असेल आणि त्यावर चकचकीत जाड काळा रंग असेल तर रंगावरून नख फिरव, चीर रंगाखालीही थोडी लागते. आणि विकणाऱ्याला एक साधा प्रश्न विचार, रंगवण्याआधीचे चेसिसचे फोटो आहेत का? ज्याने स्वतःच्या हाताने गंज कापून नवा पत्रा घातलाय तो माणूस फोटो काढतोच, शंभर काढतो, कारण त्याला त्या कामाचा अभिमान असतो. फोटो एकही नाही असं उत्तर आलं तर मी ती चेसिस नुसती रंगवलेली धरतो, दुरुस्त केलेली धरत नाही.

आता बॉडी. तू लिहिलंयस की बॉडी वर "ठेवलीय". ठेवलीय का बसवलीय हे आधी बघ. चेसिस आणि बॉडीच्या मध्ये पॅकिंग घालून बोल्ट आवळतात आणि त्या पॅकिंगवरच दरवाज्यांची फट ठरते. बोल्टच लावले नसतील तर दरवाज्याची फट बघून काहीच कळणार नाही, चांगली दिसली तरी नाही आणि वाईट दिसली तरी नाही. बोल्ट लावलेले असतील तर दरवाजा बंद करून मागची फट वरून खालपर्यंत बघ. वर चिमटली आणि खाली रुंद झाली म्हणजे बॉडी मधे खचलीय. वरचा टप उघडा असलेल्या गाडीत छताचा आधार नसतो, त्यामुळे दरवाज्याखालच्या सिल गेल्या की ती मधून वाकते. त्यांनी परवानगी दिली तर एका बाजूने जॅक लावून उचलून बघ आणि त्या वेळी फटीत बोट ठेव, फट हलता कामा नये.

इथे माझं एक सांगतो. खूप वर्षांपूर्वी मी अशीच एक अर्धवट झालेली उघडी स्पोर्ट्स कार घेतली होती, टीआर नव्हती, दुसरी होती. विकणाऱ्याने दोन्ही सिल नव्या घातल्या होत्या, वेल्डिंग इतकं सुंदर होतं की मी त्याच्यावरून हात फिरवत बसलो होतो, वर ताजा प्रायमर. दरवाजे वेगळे ठेवले होते, मला वाटलं बरं झालं, रंगवायला सोपं. घरी आणून दरवाजा लावला तर वरचा कोपरा मागच्या मडगार्डला घासत होता आणि खाली माझं अख्खं बोट आडवं जात होतं. दोन्ही सिल एकाच वेळी कापल्या होत्या आणि आत आधाराला एकही आडवा दांडा वेल्ड केला नव्हता, बॉडी बसली आणि त्या बसलेल्या अवस्थेतच तिला पक्कं वेल्ड करून टाकलं. ते सुंदर वेल्डिंग मी स्वतः ग्राइंडरने कापलं, दोन्ही बाजूंनी, आणि त्यात माझं वर्ष गेलं. तेव्हापासून दुसऱ्याने अर्धं केलेलं काम मी न केलेल्या कामापेक्षा महाग धरतो. गंजलेली पण मूळ गाडी खोटं बोलत नाही रे, जिथे भोक आहे तिथे भोक दिसतं. तुझ्या गाडीचे दरवाजे लावलेले आहेत का सुटे, हे पत्रात नाहीये. सुटे असतील तर तिथल्या लोकांना विनंती कर, एक दरवाजा बिजागरीवर टांगून बघू द्या म्हणावं. नाही म्हणाले तर बॉडी वाकलेली आहे असं धरूनच हिशेब करायचा.

लोहचुंबक ने, मऊ कापडात गुंडाळून, नाहीतर रंगावर ओरखडा जाईल आणि ते बरोबर नाही. मडगार्डच्या खालच्या कडा, हेडलाइटच्या भोवती, सिल, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीचा तळ. चुंबक जिथे पकडत नाही तिथे पुटी आहे. थोडी पुटी असणं गुन्हा नाही, पन्नास वर्षांच्या गाडीवर असणारच, पण तळव्याएवढ्या जागेत चुंबक सरळ घसरून पडला तर खाली पत्रा नाहीये. बॅटरीची जागा पण बघ, ती इंजिनाच्या मागे असते आणि अॅसिड सांडून खालचा ट्रे खातं, मग तिथून पाणी आत पायाशी येतं. रंगाकडे मात्र लक्ष देऊ नकोस. रंग चांगला आहे म्हणून या गाडीची किंमत एक पैशाने वाढत नाही कारण काम करताना तो जाणारच आहे.

इंजिनाबद्दल मला कमी काळजी वाटते. २४९८ सीसीचं सहा सिलिंडरवालं, लोखंडी, दणकट इंजिन आहे, त्याचे जवळजवळ सगळे पार्ट आजही नव्याने बनतात आणि ज्याने बाईकचं इंजिन खोललंय त्याला हे जमेल. पण एक गोष्ट बघितल्याशिवाय यायचं नाही. क्रँकशाफ्ट पुढे-मागे सरकू नये म्हणून मागच्या मेन बेअरिंगपाशी अर्धचंद्रासारखे दोन पातळ थ्रस्ट वॉशर असतात. क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो आणि तो जोर त्यातल्या एकावर येतो, तो झिजत झिजत पातळ होतो आणि एक दिवस खाली ऑइल पॅनमध्ये पडतो. मग क्रँक सरळ ब्लॉकलाच घासायला लागतो आणि हजारांचं काम लाखांवर जातं. तपासायला अगदी सोपं आहे, एकाने क्लच दाबायचा आणि दुसऱ्याने पुढची पुली बघायची. तुझ्या गाडीचा क्लच जोडलेला नसणार, तर पुली दोन्ही हातांनी धरून आत ढकल आणि बाहेर ओढ. हालचाल इतकी कमी हवी की डोळ्याला जेमतेम कळेल. टक-टक असा आवाज आला आणि पुली सरकताना स्पष्ट दिसली तर समज ते इंजिन पूर्ण खोलायचंय आणि ब्लॉक वापरता येईल की नाही तेही माहीत नाही.

नंबर्सचं. टीआर६ला कारखान्याने दिलेल्या नंबराच्या आधी दोन अक्षरं असतात आणि १९७१च्या गाडीला तिथे सीपी असेल किंवा सीसी. सीपी म्हणजे ल्युकसच्या फ्युएल इंजेक्शनची, १५० हॉर्सपॉवर म्हणून विकलेली, आणि सीसी म्हणजे स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटरची, अमेरिकेसाठीची, ताकद बरीच कमी. टीआर६ एकूण ९० हजारांहून जास्त बनल्या आणि त्यातल्या बहुतेक बाहेर गेल्या, जास्त करून अमेरिकेतच, म्हणून आज बाजारात सीसीवाल्याच जास्त दिसतात. काहींना नंतर इंजेक्शन बसवलंय, काहींचं स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणलंय. त्यात वाईट काही नाही, फक्त इंजेक्शनवाली म्हणून पैसे देताना गाडीवरच्या कारखान्याच्या नंबराच्या प्लेटवर सीपी आहे ना ते बघ, प्लेटचे रिव्हेट जुने आहेत का काल मारलेत ते बघ, आणि ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर कागदातल्या नंबराशी ताडून बघ, एकेक आकडा बोट ठेवून. मालकीचा कागद कुणाच्या नावावर आहे आणि गाडीवर कर्ज किंवा चोरीची नोंद नाही ना हे बोलीच्या आधी विचारायचं, नंतर विचारून उपयोग नसतो कारण लिलावातली गाडी आहे तशी, आहे तिथे विकलेली असते. आणि सीपी निघाली तर मीटरिंग युनिट, म्हणजे पेट्रोल मोजून देणारा भाग, आणि सहाही इंजेक्टर खोक्यात आहेत ना ते बघ. मूळचा ल्युकसचा पेट्रोल पंप गरम व्हायचा आणि गाडी बंद पडायची, म्हणून खूप जणांनी बॉशचा पंप लावला, तो असला तरी काही बिघडत नाही.

खोकी. इथे लोक कंटाळा करतात आणि इथेच पैसे जातात. अर्धा दिवस खोक्यांना दे. घरून यादी करून ने, पार्टचं पुस्तक इंटरनेटवर बघायला मिळतं, आणि एकेक वस्तू हातात घेऊन खूण कर. रबर, ब्रेकचे पाइप, गालिचे, टपाचं कापड नसलं तरी चालेल कारण ते नवंच घालायचंय. पण काचेची चौकट, टपाचा सांगाडा, डॅशबोर्डची मीटरं, बंपर, ग्रिल, दरवाज्याची आतली यंत्रणा, सीटचे सांगाडे, वायपरची मोटर, ओव्हरड्राइव्ह असेल तर त्याचं सगळं, हे नसेल तर प्रत्येक वस्तूसाठी महिनोनमहिने शोधाशोध आहे. एखादी फ्रेम मिळते ती वाकडी निघते, मग दुसरी. आणि बोल्ट. सुटे बोल्ट एका बादलीत ओतलेले असतील तर ज्याने गाडी खोलली त्याला ती परत जोडायची नव्हती असं मी समजतो. पिशव्या, पिशव्यांवर चिठ्ठ्या, चिठ्ठीवर जागा लिहिलेली, असं दिसलं तर मात्र माझा त्या गाडीवरचा विश्वास एकदम वाढतो, चेसिसबद्दलचाही.

आता तुझा किती. रुपयात, डॉलरमध्ये कशातच सांगत नाही, बाजार रोज बदलतो. नीट चालणारी, नीट रंगवलेली, कागद स्वच्छ असलेली त्याच वर्षाची गाडी आज जेवढ्याला विकली जातेय ती किंमत १०० धर, मागितलेली किंमत नाही, खरंच विकली गेली ती. आता माझ्या अंदाजाने पत्रा आणि रंग बाहेरून करून घेतलास तर ४५. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल तू स्वतः हात घालूनही १५. सीट, टप, काचा, रबर, गालिचे १५. क्रोम, वायरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, टायर १५. झाले ९०. गाडी आणण्याचा खर्च आहे, काम चालू असेपर्यंत ठेवायला जागा आहे, आणि पत्रा उघडल्यावर जे निघतं त्याच्यासाठी किमान १५ बाजूला. शंभर ओलांडले आणि अजून आपण गाडी विकत घेतलेलीच नाहीये! यावर हातोडा ज्या आकड्यावर पडेल त्याच्या वर बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून लिलाववाले घेतात ते कमिशन, लागतो, बऱ्याच ठिकाणी १० ते १५ टक्क्यांच्या घरात, आणि त्यावर कर, तो टक्का त्यांच्या अटींमध्ये आधीच वाचून घे.

म्हणजे वहिनी जे म्हणतायत ते हिशेबाने शंभर टक्के बरोबर आहे, तयार गाडी स्वस्त पडते, जवळजवळ नेहमीच. तुला टीआर६ चालवायची असेल तर त्यांचं ऐक, या मोसमात चालवशील. पण तुझ्या पत्रात मला एक गोष्ट दिसली, बाईकचं इंजिन दोनदा खोललं हे तू न विचारता सांगितलंस. तुला जर तीन-चार वर्षं दर शनिवार-रविवार त्या गाडीखाली घालवायचे असतील, शेकडो तास, कदाचित हजाराच्या वर, आणि ते तासच तुला हवे असतील, तर गोष्ट वेगळी आहे. मग ते पैसे तू गाडीला देत नाहीयेस, त्या कामाला देतोयस, आणि त्यात मला काहीच चूक वाटत नाही. फक्त हे घरी बसून दोघांनी बोलून ठरवा, लिलावाच्या आधी, कारण ते शनिवार-रविवार वहिनींचेही आहेत.

आणि प्रोजेक्टच करायचं असं ठरलं तर माझा आकडा असा. चेसिसचे आधीचे फोटो आहेत, टी-शर्टची जागा खणखणीत वाजतेय, दरवाजा टांगून फट सरळ आली, खोक्यांवर चिठ्ठ्या आहेत, प्लेट आणि कागद जुळतायत, तर १०० पैकी २५ पर्यंत जा, प्रीमियम आणि कर धरून. यातलं चेसिस किंवा बॉडी दोन्हीपैकी एकाबद्दल शंका असेल तर १२, तेही खोकी भरलेली असतील तरच. दोन्हीबद्दल शंका असेल तर हात खिशात ठेव, टीआर६ काही दुर्मिळ गाडी नाही, दुसरी येईल, आणि कुणीही न खोललेली, गंज डोळ्यांना सरळ दिसणारी मिळाली तर मी तीच घ्यायला सांगेन.

आकडा बघायच्या दिवशी संध्याकाळी कागदावर लिही आणि शक्य असेल तर लिलावाला न जाता तो आकडा त्यांच्याकडे लेखी बोली म्हणून देऊन ये, बऱ्याच ठिकाणी घेतात. समोर बसलास की अजून एकदाच, अजून एकदाच असं होतं, मी स्वतः अनुभवलंय. बघायला जाताना जुने कपडे, गुडघ्याखाली घ्यायला काहीतरी, टॉर्च, चुंबक, छोटा आरसा आणि ती यादी एवढं ने. डिफरन्शियलच्या चारही माउंटचे आणि ट्रेलिंग आर्मच्या जागेचे जवळून फोटो काढ आणि त्याच संध्याकाळी मला पाठव, मी जागा आहे, बघून लगेच कळवतो.